गिरनारचा रोपवे: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी अर्ध्या वाटेचा पूर्ण हिशेब

'आता काय टेन्शन नाही ताई, रोपवे झालाय. बसलं की थेट दत्तमहाराजांच्या दारात!' आमच्या टूरवाल्याचे हे शब्द. त्यावर विसंबून मी आईला (वय ६८) आणि मावशीला (वय ६४, दोन्ही गुडघे कुरकुरणारे) घेऊन गिरनारला गेले. ट्रॉलीतून उतरलो, अंबाजीचं दर्शन झालं आणि आईनं विचारलं, 'पादुका कुठायत?' शेजारी लिंबूसरबत विकणाऱ्या पोरानं हातातला ग्लास न ठेवता हनुवटीनं दाखवलं. समोर एक शिखर होतं. त्याच्या मागे, दरीपलीकडे, आणखी एक सुळका, त्याच्या टोकावर तांदळाएवढं देऊळ. 'वो रहा,' म्हणाला. मावशी तिथेच पायरीवर बसली.

गिरनारवारीला जाणारी मराठी माणसं दरवर्षी वाढताहेत आणि रोपवेबद्दलचा हा गैरसमजही तेवढाच वाढतोय. पहिल्या खेपेला आमचं जे जे चुकलं, ते दुसऱ्या खेपेला सुधारलं. ते सगळं इथे लिहिते आहे.

१. आधी डोंगर समजून घ्या

गुजरातमधल्या जुनागढजवळच्या भवनाथ तळेटीपासून (म्हणजे पायथ्यापासून) दत्तपादुकांपर्यंत परंपरेनं ९,९९९ पायऱ्या मानतात, बोलताना आपण दहा हजार म्हणतो. वाटेतले मुख्य टप्पे असे: जैन मंदिरांचा समूह, मग अंबाजी, मग गोरक्षनाथ शिखर आणि शेवटी दत्तशिखर. अंबाजीपर्यंत साधारण पाच हजार पायऱ्या होतात.

रोपवे फक्त अंबाजीपर्यंत जातो. हे एक वाक्य घरातल्या सगळ्यांना, विशेषतः ज्येष्ठांना, निघण्याआधी वाचून दाखवा.

उरलेली निम्मी वाट सरळ चढाची असती तरी एक वेळ बरं होतं. ती खालीवर होत जाते. अंबाजीहून थोडं उतरायचं, मग गोरक्षनाथ शिखर चढायचं. हे गुजरातमधलं सर्वात उंच ठिकाण, सुमारे ३,६०० फूट. तिथून बऱ्याच पायऱ्या उतरून खिंडीत जायचं आणि पुन्हा दत्तशिखराचा उभा चढ. म्हणजे परत येतानाही गोरक्षनाथ पुन्हा चढावा लागतो आणि शेवटी अंबाजीसुद्धा. 'जाताना चढ, येताना उतार' हे डोक्यात धरून गेलात तर परतीच्या वाटेवर, पायांत त्राण नसताना, हा चढ समोर येतो. आमचं अगदी तेच झालं.

२. कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर दगड तापतात. पावसाळ्यात डोंगर हिरवागार आणि ढगांत बुडालेला असतो, पण वारा सुटला की रोपवे बंद ठेवतात. आणि गिरनारचा वारा ही चेष्टेची गोष्ट नाही. खाली पान हलत नसलं तरी वर पदर सांभाळावा लागतो. दुरुस्तीसाठीही वर्षातून काही दिवस रोपवे बंद असतो. निघण्याच्या आदल्या आठवड्यात रोपवेच्या वेबसाइटवर पाहून घ्या.

पहिल्यांदाच जात असाल आणि सोबत वयस्कर माणसं असतील तर हे दिवस टाळा: दिवाळीची सुट्टी (सारा गुजरात फिरायला बाहेर पडलेला असतो), कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा (तेव्हा गिरनारभोवती सुमारे ३६ किलोमीटरची लीली परिक्रमा चालते), दत्तजयंती आणि महाशिवरात्रीचा भवनाथचा मेळा. भक्तिभाव म्हणून हे दिवस फार मोठे आहेत, मान्य. पण रोपवेच्या रांगेतच दिवस गेला तर पादुकांपर्यंत पोचणार कधी?

३. पोचायचं कसं, राहायचं कुठे

जुनागढला रेल्वे स्टेशन आहे. मुंबईहून वेरावळकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबतात, पुण्याहूनही वेरावळची साप्ताहिक गाडी आहे. थेट गाडीचं आरक्षण मिळालं नाही तर राजकोटला उतरा. तिथून जुनागढ शंभरेक किलोमीटर, बस भरपूर. विमानानं राजकोट किंवा केशोद.

मुक्काम जुनागढ शहरात न करता भवनाथ तळेटीला करा. धर्मशाळा, आश्रम, साधी हॉटेलं सगळं तिथे आहे आणि रोपवेचं स्टेशन तिथून जवळ. आम्ही पहिल्या खेपेला शहरात उतरलो, कारण 'एसी रूम, लिफ्ट' असं होतं. सकाळी रिक्षा शोधण्यात, भाव ठरवण्यात पाऊण तास गेला. त्या पाऊण तासाची किंमत संध्याकाळी कशी मोजली, ते पुढे येईलच.

४. तिकीट

तिकीट ऑनलाइन मिळतं आणि खिडकीवरही. ऑनलाइन काढलंत तर खिडकीची रांग वाचते, ट्रॉलीत चढायची रांग वाचत नाही. जाऊन-येऊन आणि एकाच बाजूचं असे दोन प्रकार आहेत. २४ ऑक्टोबर २०२० ला रोपवे सुरू झाला तेव्हा जाण्यायेण्याचं तिकीट ७०० रुपये होतं. त्यावर विसंबू नका, चालू दर पाहूनच घ्या.

तीन सूचना:

तिकीट रोपवेच्या अधिकृत साइटवरूनच काढा. 'गिरनार रोपवे बुकिंग' असं शोधलं की मधले दलालही वर येतात.

वारा किंवा हवामानामुळे रोपवे थांबला तर पैशांचं काय, ही अट पैसे भरण्याआधी वाचा.

'जाताना ट्रॉली, येताना पायऱ्या' असं ठरवून एकेरी तिकीट काढू नका. पाच हजार पायऱ्या उतरणं हे चढण्यापेक्षा गुडघ्यांना जास्त महागात पडतं. तरुण असाल आणि दम राखायचा असेल तर उलट करा: पहाटे पायऱ्यांनी चढा, येताना ट्रॉली. त्यात जैन मंदिरंही पाहून होतात. रोपवेनं जाणाऱ्यांची ती हमखास चुकतात, कारण ती अंबाजीच्या बऱ्याच पायऱ्या खाली आहेत. जैन तीर्थंकर नेमिनाथांचं मोठं मंदिर आणि वस्तुपाल-तेजपाल या मंत्री भावांचं तेराव्या शतकातलं मंदिर, दोन्ही वरून घाईत नजर टाकून सोडून देण्यासारखी नाहीत.

५. पिशवीत काय हवं

कागदपत्रं थोडीच लागतात:

- मूळ ओळखपत्र (आधार किंवा मतदार कार्ड), प्रत्येकाचं. धर्मशाळेत तर ते मागतातच.
- रोपवेचं तिकीट मोबाइलवर आणि एक छापील प्रत. बॅटरी संपते, कागद संपत नाही.
- ज्येष्ठांच्या औषधांची चिठ्ठी आणि घरच्यांचा नंबर, त्यांच्या खिशात. तुमच्या खिशात नव्हे.

सामान:

- पाण्यासाठी स्टीलची बाटली. गिरनारवर प्लॅस्टिकला बंदी आहे. प्लॅस्टिकची बाटली, वेफर्सची पाकिटं खालीच ठेवून जा.
- काठी. तळेटीला मिळते. 'मला कशाला काठी' म्हणणाऱ्यानेच ती आधी घ्यावी. चढताना ती लागणार नाही, उतरताना सोडवणार नाही.
- वापरलेले, सैल झालेले बूट. नवे बूट घेऊन येणारे अंबाजीपर्यंतच ओळखू येतात.
- सुटे पैसे. वर सरबत, चहा, डोली सगळं रोखीत सोपं पडतं. रेंजचा भरवसा नाही.
- विजेरी. दिवसा जायचंय तरीही.
- मीठ-साखरेची पुडी, गुडघ्याची पट्टी, एक पातळ स्वेटर किंवा विंडचीटर.

खाणं फार नेऊ नका. वर मिळतं आणि पाठीवर प्रत्येक पाव किलो जाणवतं.

६. ट्रॉलीत बसताना

गुजरातीत याला उडन खटोलाही म्हणतात. एका केबिनमध्ये आठ माणसं बसतात. लांबी सुमारे २.३ किलोमीटर, खांब नऊ, वेळ सात-आठ मिनिटं. पायऱ्यांनी हेच अंतर चांगल्या चालणाऱ्यालाही अडीच-तीन तास घेतं.

आपल्याकडे रायगडचा रोपवे पाहिलेला असेल तर इथली रीत वेगळी वाटेल. रायगडला एक बाजू वर जाते तेव्हा दुसरी खाली येते आणि स्टेशनात दोन्ही थांबतात. गिरनारला दोर अखंड फिरत असतो. केबिन स्टेशनात शिरली की दोरावरून सुटते, रुळावर अगदी मुंगीच्या चालीनं सरकते, दारं उघडतात, माणसं बसतात, दारं आपोआप मिटतात आणि केबिन पुन्हा दोर पकडते. म्हणजे ती पूर्ण थांबत नाही, चालतीत चढायचं असतं. वयस्कर माणसाला आधी चढवा, काठी-पिशवी तुम्ही धरा. कर्मचारी हात देतात, घाबरायचं कारण नाही. पाय जड असलेलं कुणी असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा.

वाटेत प्रत्येक खांबावरून जाताना खडखड होते आणि पोटात हलकासा गोळा येतो. ते नेहमीचंच आहे. सहावा खांब सर्वात उंच, ६७ मीटरच्या आसपास. तिथे मावशीनं डोळे मिटून 'दिगंबरा दिगंबरा' सुरू केलं आणि समोर बसलेल्या तीन अनोळखी गुजराती बायकांनी तिला साथ दिली. मधेच केबिन थांबून लोंबकळली तरी तेही नेहमीचंच: वारा वाढला किंवा स्टेशनात कुणाला चढायला वेळ लागला की वेग कमी करतात. उंचीची भीती असेल तर डोंगराकडे तोंड करून बसा, दरीकडे पाठ.

खाली पाहिलंत तर झाडीतून पायऱ्यांची पांढरी रेघ दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुनागढ संस्थानात लॉटरी काढून या पायऱ्यांसाठी पैसा उभा केला होता. खालचं जंगल आता अभयारण्य आहे आणि त्यात सिंह आहेत, खरेखुरे. म्हणून अंधारात पायऱ्या सोडून आडवाटेला जायचं नाही, लघवीलाही नाही.

७. अंबाजी ते दत्तशिखर

अंबाजीला उतरल्यावर पहिलं काम दर्शन नाही. पहिलं काम: परतीची शेवटची ट्रॉली किती वाजता, हे तिथल्या कर्मचाऱ्याला विचारा आणि घड्याळ पाहा. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, गर्दीप्रमाणेही.

मग उलटा हिशेब करा. समजा, शेवटची ट्रॉली पाचला आहे. तर चारपर्यंत अंबाजीला परत हवं, कारण रांग असते. परतीला वयस्कर माणसं सोबत असतील तर अडीच-तीन तास. म्हणजे एकच्या सुमारास पादुका सोडायच्या. जायलाही तेवढेच, शिवाय दर्शनाची रांग. म्हणजे सकाळी साडेनऊला अंबाजीहून पाऊल उचललेलं असायला हवं आणि त्यासाठी रोपवेच्या रांगेत उजाडताच उभं राहायला हवं. सडसडीत चालणाऱ्यांना यातला बराच वेळ वाचेल. पण हिशेब करताना आपल्यातल्या सर्वात हळू माणसाची चाल धरायची.

गोरक्षनाथ शिखरावर थांबून पाणी प्या. पुढची उतरण भराभर करावीशी वाटते, तिथेच गुडघे जातात. खिंडीत दोन कमानी लागतात: एक वाट वर दत्तशिखराला, दुसरी खाली कमंडलू तीर्थाला. आधी वर जा, कमंडलू परतताना. आम्ही आधी खाली गेलो, कारण उतार दिसला. मग तो सगळा उतार पुन्हा चढून कमानीशी आलो तेव्हा मावशीनं माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

दत्तशिखरावर जागा अगदी लहान. देवळात पादुका आणि मूर्ती, दर्शन काही क्षणांचं. आत फोटो काढू देत नाहीत. बंदोबस्ताला पोलीस असतात. जैन बांधव हेच स्थान नेमिनाथांची निर्वाणभूमी मानतात, त्यामुळे तिथे मोठ्यानं वाद, घोषणांची चढाओढ असलं काही करू नका. मनात जे मागायचं असेल ते रांगेतच ठरवून ठेवा. आईनं सगळ्या नातवंडांची नावं घ्यायची ठरवली होती, तिसऱ्या नावालाच पुढे सरकावं लागलं. उरलेली तिनं बाहेर पायरीवर बसून घेतली.

कमंडलू तीर्थाला धुनी आहे. ती दर सोमवारी प्रज्वलित होते, म्हणून सोमवार धरून येणारे पुष्कळ. तिथल्या अन्नछत्रात प्रसाद मिळतो, कुणालाही, पैसे न मागता. गरम जेवण, बसायला सावली. आणि नेमका इथेच वेळ जातो. आम्ही तासभर बसलो. ओळखी निघाल्या, सांगलीचे लोक भेटले, आईला कुणी तरी माहेरच्या गावचं सापडलं.

८. डोली

ज्यांना चालवणार नाही त्यांनी डोली करावी, त्यात कमीपणा काही नाही. तळेटीला मिळते आणि रोपवेनं वर आल्यावर अंबाजीपासूनही डोलीवाले मिळतात. दर वजनावर ठरतो, चक्क काट्यावर उभं करतात. दुसऱ्या खेपेला आईला उभं केलं तेव्हा ती म्हणाली, 'गुळाच्या ढेपेसारखं मोजताय की मला!' डोलीवाल्याला मराठी कळलं नाही, पण तो हसला.

भाव चढण्याआधी ठरवा आणि स्पष्ट विचारा: फक्त जायचा की जाऊन-येऊन? कमंडलूला नेणार का? थांबण्याचे वेगळे पैसे का? अर्ध्या वाटेत 'माजींचं वजन जास्त आहे' ही चर्चा कुणालाच नको असते. वाटेत त्यांना चहा पाजा. खांद्यावर माणूस घेऊन ते या पायऱ्या रोज चढतात.

सगळ्यांनीच पादुकांपर्यंत जायला हवं असंही नाही. एखाद्याला अंबाजीलाच बसवून बाकीच्यांनी पुढे जाणं हा चांगला मार्ग आहे. मात्र त्याच्याजवळ पाणी, पैसे आणि परतीचं तिकीट त्याचं त्याच्यापाशी ठेवा.

९. ट्रॉली चुकली तर

आमची चुकली. दोष आमचाच: सकाळचा पाऊण तास, कमानीशी घेतलेलं चुकीचं वळण, अन्नछत्रातल्या गप्पा. अंबाजीला आलो तेव्हा दार बंद होतं. मग पाच हजार पायऱ्या, मोबाइलच्या उजेडात.

अशी वेळ आलीच तर घाबरू नका. वाट पक्की आहे, चुकण्यासारखी नाही आणि माणसांची ये-जा असते. घोळक्यात राहा. वयस्कर माणसाला आडव्या, तिरक्या पावलांनी उतरवा, एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला तुमचा खांदा. दर शंभर पायऱ्यांना दोन मिनिटं थांबा, जास्त नको. जास्त बसलं की पाय आखडतात. डोलीवाला दिसला तर विचारून पाहा. त्या वेळी भाव जास्त असणार, घासाघीस करत बसू नका. आम्हाला खाली पोचायला साडेनऊ वाजले.

वाऱ्यामुळे दिवसाच रोपवे थांबला तर गोष्ट वेगळी. तासाभरात पुन्हा सुरू होण्याची शक्यता असते. अंबाजीलाच सावलीत थांबा आणि कर्मचाऱ्यांना मधूनमधून विचारत राहा. सगळे निघाले म्हणून लगेच पायऱ्या धरू नका.

१०. खाली उतरल्यावर

त्याच संध्याकाळची परतीची गाडी कधीही काढू नका. दुसरा दिवस मोकळा ठेवा. त्या दिवशी तळेटीहून जुनागढला जाताना दोन ठिकाणं वाटेवरच लागतात. एक दामोदर कुंड, ज्याच्याशी नरसी मेहतांचं नाव जोडलेलं आहे. दुसरी अशोकाच्या लेखांची शिळा. एकाच खडकावर अशोकाचे चौदा लेख ब्राह्मीत, त्याच खडकावर इसवी सन १५० च्या सुमाराचा शक राजा रुद्रदामनाचा लेख, ज्यात फुटलेलं सुदर्शन तळं पुन्हा बांधल्याची हकीकत आहे आणि पुढे पाचव्या शतकातला गुप्त सम्राट स्कंदगुप्ताचाही. तळंही तेच, पुन्हा फुटलेलं. इथे फारशा पायऱ्या नाहीत, त्यामुळे मावशीला हे ठिकाण गिरनारपेक्षाही आवडलं.

आणि परतीचं रेल्वे आरक्षण करताना सगळ्यांसाठी, तरुणांसाठीसुद्धा, खालचा बर्थ मागा. मला वरचा मिळाला होता. पाय उचलेना, शेवटी सुरतपर्यंत दाराजवळच्या पेटीवर बसून आले.